दोन रविवारांचं शहर

कल्याणच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा ऋजुता रसिकाच्या काखेत थर्मामीटर धरून बसली होती. ताप नव्हता. काल नव्हता, परवाही नव्हता. पण पोर दुपारभर जरा जास्तच शहाण्यासारखी खेळत होती, आणि एका वर्षाच्या मुलीनं विनाकारण शहाण्यासारखं वागलं की ऋजुता थर्मामीटर शोधायची.

"ऋजुता मॅडम ना? मी आसावरी, इतिहास विभागातून बोलतेय. तुमचा अर्ज बघितला. शनिवारी सकाळी अकराला डेमो लेक्चर ठेवलंय. टीवायच्या वर्गावर, अर्धा तास. विषय लिहून घ्या. युरोपच्या इतिहासावर आणि समाजावर धर्माचा प्रभाव. जमेल?"

"जमेल," ऋजुता म्हणाली. विचार न करता, कॅलेंडर न बघता, घरात कुणाला न विचारता. लग्न झाल्यापासून इतक्या झटपट ती कशालाच हो म्हणाली नव्हती.

फोन ठेवल्यावर तिनं रसिकाला उचललं आणि ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत एक गिरकी घेतली. एम.ए. करून झालं होतं, पुढे दोन वर्षं एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेणं झालं होतं, आणि मग डोहाळे, बाळंतपण, जागरणं. तासिकेवरची का होईना, पण खऱ्या कॉलेजातली, खऱ्या वर्गावरची नोकरी तिला हवी होती. किती हवी होती हे त्या गिरकीतच तिला पहिल्यांदा नीट कळलं.

रात्रीच्या जेवणाला तिनं बातमी सांगितली. तिच्या नवऱ्यानं, सौमित्रनं, आमटीची वाटी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. सासूबाई, म्हणजे सुमतीबाई, पोळीचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"कधी म्हणालीस?"

"शनिवारी."

"या शनिवारी?"

"हो. अकराला."

"अगं, शनिवारी दशमी आहे."

दशमी म्हणजे श्रावण शुद्ध दशमी, म्हणजे रसिकाचा तिथीनं पहिला वाढदिवस, म्हणजे आयुष्यहोम. गुरुजी ठरलेले, ठाण्याहून आत्येसासूबाई यायच्या, आणि होमाला मुलीचे आईवडील जोडीनं पाटावर बसायला हवेत. हे सगळं ऋजुताला माहीत होतं. मग हो कशी म्हणाली?

त्याचं कारण असं, की तिच्या लेखी रसिकाचे वाढदिवस संपले होते. ऋजुताचं माहेर कल्याणात पारनाक्याला असलं तरी मूळचं रत्नागिरीकडचं, आणि तिकडच्या बऱ्याच घरांसारखं त्यांचं पंचांग वेगळं. एरवी काही बिघडत नाही, पण काही वर्षी अधिक महिन्यावरून दोन पंचांगांचं जुळत नाही, आणि यंदा नेमकं तेच झालं होतं. सासरच्या पंचांगात यंदा दोन श्रावण, आधी अधिक, मग निज. माहेरच्या पंचांगात एकच, आणि तो लवकर. त्यामुळे माहेरी रसिकाला जुलैतच ओवाळून झालं होतं. मग सात ऑगस्टला तारखेचा वाढदिवस, केक, फुगे, सौमित्रच्या ऑफिसची मंडळी. जन्मापासून एका पंचांगात वाढलेल्या बाईच्या डोक्यातून दुसऱ्या पंचांगातली दशमी साफ निसटली होती.

"तुझ्या माहेरचा श्रावण संपला असेल," सुमतीबाई म्हणाल्या. "आमचा चालू आहे."

"आई, लक्षातून गेलं खरंच."

"आईच्या लक्षातून मुलीचा आयुष्यहोम गेला. ठीक आहे. त्यांना फोन करून सांग, सोमवारी येते म्हणावं."

ऋजुतानं दुसऱ्या दिवशी फोन केला. आसावरी मॅडम चांगल्या बोलल्या, पण परीक्षक बाहेरून येणार होते, इतर उमेदवारही त्याच दिवशी होते. शनिवार नाही तर या वर्षी नाही. इतकं सरळ.

मग सौमित्रनं गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. होम पहाटे करता येईल का? गुरुजींची पहाट दुसऱ्या घरी होती. संध्याकाळी? ते म्हणाले, होम सकाळीच होऊ द्या. मग जरा थांबून म्हणाले, "यजमानीणबाईंना अगदीच जमत नसेल तर यजमानांच्या कनवटीला सुपारी लावू. शास्त्रात सोय आहे."

"म्हणजे माझ्या जागी सुपारी?" ऋजुतानं विचारलं.

"तशी पद्धत आहे, ताई. पत्नी हजर नसली की तिची प्रतिनिधी म्हणून सुपारी."

सौमित्रला हसू आवरेना. "बघ, सुपारी मधेच उठून थर्मामीटर आणायला जाणार नाही."

सुमतीबाई हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या आणि डब्यांची आवराआवर सुरू झाली. बऱ्याच वेळानं आतूनच म्हणाल्या, "सुपारी चांगली बघून आण. किडकी नको."

ही परवानगी होती की टोमणा, ते ऋजुताला कळलं नाही. दोन्ही असावं. पण तिनं ती परवानगीच धरली आणि त्याच दुपारी कपाटावरची जुनी पुस्तकं खाली काढली.

पुढचे दिवस ती तापल्यासारखी वावरली. रसिकाला भरवताना क्रूसेड्स, भांडी विसळताना मठ आणि विद्यापीठं, दुपारी पोर झोपली की मार्टिन लूथर. रोमन सम्राटांपासून तीस वर्षांच्या युद्धापर्यंत सगळं अर्ध्या तासात बसवलं, पुन्हा मोडलं, पुन्हा बसवलं. मधेच एक वेगळीच शंका डोकं वर काढायची. आपण नसताना होम झाला आणि उद्या पोरीला काही झालं तर? ती इतिहास शिकलेली होती, असल्या शंकांचा इतिहासही शिकलेली होती. त्यानं शंका जात नाही. आपलं मूल पाळण्यात झोपलेलं असलं की बाईला सगळे देव खरे वाटतात.

शनिवारी सकाळी घरात गुरुजी, विटांचं कुंड, समिधा, तुपाचा वास. सौमित्र सोवळं नेसून उभा, कनवटीला सुपारी. आत्येसासूबाईंनी ऋजुताला कॉटनच्या साडीत, खांद्याला बॅग लावून दाराशी बघितलं आणि सुमतीबाईंना विचारलं, "ही कुठे निघाली?"

"परीक्षेला," सुमतीबाई म्हणाल्या. "तिची परीक्षा आहे."

ऋजुतानं रसिकाच्या कपाळाला हात लावून बघितला, नेहमीसारखा, आणि रिक्षात बसली. पत्रीपुलावर रिक्षा अडकली तेव्हा तिनं डोळे मिटून पहिलं वाक्य म्हणून बघितलं. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन यानं. बरं होतं वाक्य.

वर्ग मोठा होता, तिसऱ्या मजल्यावरचा. साठेक मुलं. मागच्या बाकावर आसावरी मॅडम आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, बाळ सर. पांढरी दाढी, मांडीवर छत्री. ऋजुतानं सुरुवात केली. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन यानं ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. त्यानंतर पोपची सत्ता. त्यानंतर सरंजामशाही आणि चर्चच्या जमिनी.

वर्षभर एका बोलता न येणाऱ्या जिवाचा चेहरा वाचत बसलेल्या बाईला साठ चेहरे वाचायला वेळ लागत नाही. तिला दिसलं, की पहिल्या बाकावरची मुलगी लिहितेय पण ऐकत नाहीये. खिडकीजवळच्या मुलानं जांभई गिळली. मधल्या रांगेत बाकाखाली फोनचा उजेड होता. बाळ सर छत्रीची मूठ निरखत होते. ही गाडी अशीच तीस वर्षांच्या युद्धापर्यंत जाणार, टाळ्यासुद्धा नाहीत, आणि मग घरी. घरी आत्ता अग्नी प्रज्वलित झाला असेल. तुपाची धार. सौमित्रच्या मांडीवर रसिका, आणि कनवटीला ती.

तिनं हातातले कागद टेबलावर पालथे घातले.

"एक वेगळीच गोष्ट सांगते," ती म्हणाली. "आज माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे. हा तिचा तिसरा पहिला वाढदिवस."

जांभईवाला मुलगा सरळ बसला.

तिनं सांगितलं. माहेरचं पंचांग, सासरचं पंचांग, मधली सात ऑगस्ट. "आता मला सांगा, यंदा दोन श्रावण आले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वाद झाला?"

आधी हशा पिकला, मग हात वर झाले. खिडकीजवळचा मुलगा, देवेश नावाचा, हात वर न करताच बोलला. "मॅडम, आमच्याकडे तर राडा झाला. आमचं गाव दिव्याजवळ, आम्ही मच्छीशिवाय जेवत नाय. बाबा बोलले, अधिक महिन्यात चालतं, खरा श्रावण दुसरा. आजी बोलली, नावात श्रावण आहे ना, मग दोन्ही पाळायचे. दोन महिने, मॅडम. मच्छीवालीनं आमच्या आळीत यायचंच बंद केलं."

"मग पाळलेत?"

"घरी पाळला."

वर्ग खदखदला. बाकाखालचा उजेड विझला.

"आता असंच, पण सगळं शहर," ऋजुता म्हणाली, आणि तिला जाणवलं की तिचा आवाज आपोआप वर चढलाय, हात हवेत गेलेत. "जर्मनीत आउग्सबुर्ग नावाचं शहर. थोडे लोक पोपला मानणारे कॅथलिक, त्यांच्याहून बरेच जास्त पोपला न मानणारे प्रोटेस्टंट. पंधराशे ब्याऐंशी साली पोपनं सांगितलं, कॅलेंडर चुकलंय, ईस्टर भलत्या वेळी येतो, तेव्हा दहा दिवस गाळा. चार ऑक्टोबरला झोपा, उठाल तेव्हा पंधरा ऑक्टोबर. कॅथलिक देशांनी गाळले. प्रोटेस्टंट म्हणाले, आम्ही का ऐकायचं? आउग्सबुर्गच्या नगरसभेत कॅथलिकांचा जोर. त्यांनी नवं कॅलेंडर लावलं. आता एका घरात ईस्टर, शेजारच्या घरात अजून उपवास. एकाचा सण, दुसरा दुकान उघडून बसलेला. एका गल्लीत ईस्टरचे दोन वेगळे रविवार. आणि लेंट म्हणजे त्यांचा श्रावणच, त्यात मांस बंद. मग खाटकांनी जनावर कुठल्या कॅलेंडरनं कापायचं? काही खाटीक म्हणाले, नव्या कॅलेंडरनं आम्ही कापणार नाही. त्यांना धरून आत टाकलं. पुढे एका प्रोटेस्टंट धर्मगुरूला शहराबाहेर घालवायला निघाले, तर लोक रस्त्यावर उतरले."

"दहा दिवसांसाठी?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. ती आता लिहीत नव्हती.

"तुझं नाव काय?"

"दर्शना."

"दर्शना, दहा दिवसांसाठी नाही. दिवस कोण ठरवणार यासाठी. पेरणी कधी, भाडं कधी, मजुराला सुट्टी कधी, लग्न कधी करायचं नाही, कधी खायचं, कधी खायचं नाही. हे सगळं कॅलेंडर ठरवतं, आणि कॅलेंडर ज्याच्या हातात, त्याचा हात तुमच्या चुलीपर्यंत पोचतो. राजवाड्यात पोचायला सैन्य लागतं. चुलीपर्यंत धर्म पोचतो."

हे तिच्या कागदांत नव्हतं. कुठून आलं तेही तिला कळलं नाही, पण ते बोलताना अंगावर काटा आला आणि ती पुढे सुटली. "आणि हे फक्त तिकडे नाही. त्या काळी ठाणं कुणाचं होतं?"

"पोर्तुगीजांचं," दोघंतिघं म्हणाले.

"पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी नवं कॅलेंडर लगेच घेतलं. पुढे मुंबई कुणाकडे गेली? इंग्रजांकडे. इंग्रज प्रोटेस्टंट. त्यांनी पोपचं कॅलेंडर सतराशे बावन्न सालापर्यंत घेतलं नाही. म्हणजे माहीमला इंग्रज, खाडी ओलांडली की वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत पोर्तुगीज. माहीमच्या साहेबानं एक तारखेला चिठ्ठी लिहिली आणि होडी त्याच दिवशी पलीकडे पोचली, तर तिथे अकरा तारीख. रोममधलं भांडण माहीमच्या खाडीत उभं होतं, जवळजवळ सत्तर वर्षं."

वर्गात एकदम गलका झाला. कुणीतरी म्हणालं, उधार तिकडनं घ्यायचं आणि फेडायचं इकडनं. देवेश म्हणाला, "मॅडम, मग कल्याणला कुठली तारीख?"

"कल्याणला मोगल आणि मराठे. हिजरी आणि शक. आपल्याला वादच नको, आपली तारीखच वेगळी."

हसण्याच्या लाटेत बाळ सरांनी हात वर केला. वर्ग शांत झाला. फळ्यावर रेघलेल्या माहीमच्या खाडीसमोर ऋजुता खडू हातात धरून थांबली.

"गोष्ट रंगली," बाळ सर म्हणाले. "पण बाई, पोपचा हिशेब बरोबर होता. सूर्याशी जुळणारा होता. मग हा धर्माचा प्रभाव, की खगोलशास्त्राचा?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दर्शनानं मान वर करून विचारलं, "सॉरी सर. पण मॅडम, आज तुमच्या घरी वाढदिवस आहे ना, तिथीचा? मग तुम्ही इथे कशा?"

ऋजुताला खोटं सांगता आलं असतं. "घरी होम चालू आहे," ती म्हणाली. "आईवडील जोडीनं बसावे लागतात. माझ्या जागी माझ्या नवऱ्याच्या कनवटीला सुपारी आहे."

वर्ग हसत सुटला. आसावरी मॅडमनी तोंडावर हात घेतला. बाळ सर मात्र हसले नाहीत, तिच्याकडे बघत राहिले. आणि ते तसे बघत असतानाच तिला उत्तर दिसलं, अगदी समोर ठेवल्यासारखं.

"सर, तुम्ही विचारलंत ना? ही सुपारी बघा. नियम कडक, पण सोय आहे. ती सोय कोण देतं? ज्याच्याकडे नियम आहे, तोच. युरोपात लेंटमध्ये लोणीसुद्धा बंद होतं. उत्तरेकडे तेल महाग, लोकांना लोण्याशिवाय चालेना. मग चर्चनं सोय काढली. दान द्या, लोणी खा. फ्रान्समध्ये रूआँ नावाच्या गावी त्या पैशांतून चर्चचा अख्खा मनोरा उभा राहिला. त्याला आजही लोण्याचा मनोरा म्हणतात. आणि मग लूथर उठला आणि त्यानं विचारलं, ही सोय विकणारे तुम्ही कोण? पापाची माफी असो नाहीतर लोणी. तिथून युरोप दुभंगला. त्यानंतर साठेक वर्षांनी पोपनं अगदी बरोबर हिशेब करून कॅलेंडर दिलं, तेव्हा लोकांनी हिशेब तपासलाच नाही. हिशेब देणाऱ्याचा हात बघितला. सूर्य खगोलशास्त्राचा होता, सर. अविश्वास धर्माचा होता."

बाळ सरांनी छत्री मांडीवरून काढून बाजूला ठेवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"पण सुपारी वाईट की चांगली मग?" देवेशनं मागून विचारलं.

"अजून ठरलेलं नाही," ऋजुता म्हणाली. "मी इथे आहे ती तिच्यामुळे. आणि तिथे नाही तीही तिच्यामुळे."

तास संपल्याची घंटा झाली. सरंजामशाहीच्या पुढची शतकं तशीच राहिली होती. तीस वर्षांच्या युद्धाला तर हातही लागला नव्हता. मुलं उठली नाहीत, आणि ते तिला आधी कळलंच नाही, कारण ती फळ्यावर माहीमची खाडी पुसत होती.

व्हरांड्यात तिला बाकड्यावर थांबवून ठेवलं. बाकीच्या उमेदवारांचे तास सकाळीच झाले होते. बाकड्यावर बसल्यावर अंगातला सगळा जोर उतरला आणि त्याच्या जागी नेहमीची भीती आली. फोन काढून बघितला. घरून एकही मेसेज नाही. म्हणजे सगळं ठीक, किंवा सांगता न येण्यासारखं काहीतरी. रसिका कुंडाकडे रांगत गेली असेल का? सौमित्रचं लक्ष असतं, पण मधूनमधून असतं.

दार उघडलं आणि आसावरी मॅडम बाहेर आल्या.

"सिलॅबस तुम्ही अर्धाही घेतला नाहीत," त्या म्हणाल्या. "बाळ सरांनी तेच पहिलं लिहिलंय. दुसरं त्यांनी लिहिलंय की ह्यांना घ्या. सोमवारपासून याल? सकाळचं पहिलं लेक्चर, सात वीसला. मला माहीत आहे घरी लहान मूल आहे. वेळ बदलून मिळणार नाही, ते आत्ताच सांगते. विचार करून कळवा."

सात वीस म्हणजे साडेसहाला घर सोडायचं. रसिका उठते साडेसहाला. उठल्यावर पहिला चेहरा आईचा दिसला नाही तर ती कशी ओठ काढते, ते ऋजुताला बसल्या जागी दिसलं.

"येते," ती म्हणाली. "विचार केला."

खाली गेटपाशी येऊन तिनं घरी फोन लावला. सुमतीबाईंनी उचलला. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज होता.

"आई, रसिका कशी आहे?"

"गुरुजींच्या उपरण्यात तोंड पुसून झालंय तिचं. आता झोपली. पूर्णाहुती छान झाली."

"रडली का?"

"धुरानं सगळेच रडलो. तुझं काय झालं?"

"मिळाली."

पलीकडे भांड्यांचा आवाज तसाच चालू राहिला. ऋजुतानं फोन कानाला घट्ट दाबला.

"कधीपासून?"

"सोमवार. साडेसहाला निघावं लागेल, आई. रोज. मी विचारायला हवं होतं आधी, पण हो म्हणून टाकलं."

"तू आता असंच करणार दिसतेस." मग त्यांनी कुणाला तरी सांगितलं, पुरण झाकून ठेव. आणि पुन्हा फोनमध्ये, "साडेसहाला माझं गच्चीवर चालणं असतं. तुला माहीत आहे."

"हो."

"डॉक्टरांनी सांगितलंय चालायला."

"हो, आई."

"मग मी साडेपाचला जाऊन येत जाईन. अंधारात. सौमित्रला म्हणावं, गच्चीचा दिवा लावून दे, दोन महिने झाले गेलाय तो." जरा थांबून त्या म्हणाल्या, "उठल्या उठल्या ती काय पिते, किती पिते, कसं पिते, ते सगळं मला नीट दाखव. रविवारी. मला तुझ्यासारखं दर पाच मिनिटांनी कपाळ बघता येणार नाही, ते आधीच सांगून ठेवते."

"नका बघू," ऋजुता म्हणाली, आणि लगेच, "दिवसातून दोनदा बघा."

"एकदा," सुमतीबाई म्हणाल्या. "ये आता. पोळ्या गार होताहेत."